बेडकाच्या कातडीतलं जिवाणूनाशक



१९८६ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये डॉ. मायकेल झासलॉफ आरएनएवर संशोधन करत होते. त्यासाठी त्यांना बेडकीची अंडी लागत. आफ्रिकेतल्या झेनोपस लेव्हिस जातीच्या बेडकीचं पोट थोडं कापायचं, बीजांडकोश काढायचा, टाके घालायचे आणि तिला परत टाकीत सोडायचं, असा रोजचा परिपाठ. टाकीतलं पाणी गढूळ, जिवाणूंनी भरलेलं. अशा पाण्यात ताजी जखम चिघळायलाच हवी. पण ना पू, ना सूज. जखम स्वच्छ भरून यायची. हे याआधी अनेकांच्या डोळ्यांखालून गेलं असणार. झासलॉफ मात्र तिथे थांबले. जखम का चिघळत नाही, हा डॉक्टरला पडणारा प्रश्न त्यांना पडला आणि हातातलं काम बाजूला ठेवून ते त्याच्या मागे लागले.

बेडकीच्या कातडीतून त्यांना दोन पेप्टाइडं मिळाली, जवळजवळ सारखीच. १९८७ मध्ये त्यांनी ती मॅगेनिन या नावाने जाहीर केली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मॅगेनिनमध्ये ती अवघ्या २३ दुव्यांची आहे. बेडकाच्या कातडीत बारीक ग्रंथी असतात. बेडूक घाबरला किंवा त्याला इजा झाली की त्यांतून पांढरट स्राव पाझरतो आणि त्यातच ही पेप्टाइडं असतात.

ती जिवाणूला मारतात कशी, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पाण्यात असताना ही साखळी सैल, बिनआकाराची असते. जिवाणूच्या पटलाला टेकली की तिला मळसूत्रासारखा पीळ पडतो. या पिळाची एक बाजू तेलकट असते, तर दुसऱ्या बाजूला लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचे धनभार असतात. जिवाणूच्या पटलाचा बाहेरचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे पेप्टाइड तिकडे ओढलं जातं. आपल्या पेशींचा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ भाररहित, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असतं, म्हणून तिथे ते सहसा चिकटत नाही. जिवाणूवर मात्र पेप्टाइडांची दाटी होते, पटल वाकतं, त्याला भोकं पडतात, आतले क्षार बाहेर वाहू लागतात आणि काही मिनिटांत जिवाणू मरतो.

याचा भक्कम पुरावा १९९० मध्ये मिळाला. शास्त्रज्ञांनी मॅगेनिनची आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी प्रत प्रयोगशाळेत तयार केली. पेप्टाइड एखाद्या प्रथिनाला कुलपातल्या किल्लीसारखं बसत असतं, तर ही उलटी किल्ली लागलीच नसती. पण तिनेही जिवाणू तितक्याच जोमाने मारले. म्हणजे इथे कुलूपच नाही. हल्ला थेट पटलावर आहे.

साहजिकच औषधाची आशा निर्माण झाली. मॅगेनिनमध्ये फेरफार करून पेक्सिगॅनन तयार झालं. मधुमेही रुग्णांच्या पायावरच्या संसर्ग झालेल्या जखमांसाठी त्याचं मलम बनवलं गेलं. मोठ्या चाचण्यांत ते पोटात घ्यायच्या प्रतिजैविकाच्या तोडीचं ठरलं, तरीही १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याला मान्यता दिली नाही. पोटात किंवा रक्तात अशी पेप्टाइडं फार टिकत नाहीत, आपली विकरं त्यांचे तुकडे करतात. म्हणून वाट धरली ती मलमाची. आणखी एक इशारा २००६ मध्ये मिळाला. पेक्सिगॅननची मात्रा हळूहळू वाढवत जिवाणूंच्या शेकडो पिढ्या वाढवल्या, तेव्हा ते त्यालाही दाद देईनासे झाले. त्या प्रयोगात स्वतः झासलॉफ सहभागी होते, याचं मला फार कौतुक वाटतं.

याच शोधाची एक वाट आपल्या सह्याद्रीत येते. २०१५ मध्ये पुण्याचे आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या नव्या बेडकाची नोंद केली. केरळमधल्या याच जातीच्या बेडकांच्या स्रावातून, तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी उरुमिन हे पेप्टाइड शोधलं. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की ते एच-१ गटातल्या फ्लूच्या विषाणूंना नष्ट करतं आणि त्याने उंदरांचा बचाव होतो. एकूण ३२ पेप्टाइडं तपासली होती. फ्लूवर चार चालली आणि त्यांतलं एकटं उरुमिन आपल्या रक्तपेशींना निरुपद्रवी ठरलं.

बेडूक हे सगळं बनवतो ते स्वतःच्या ओल्या, उघड्या कातडीसाठी. जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे आणि तिच्याशी पहिली गाठ याच स्रावाची पडते. आपल्या घाटातल्या एकेका जातीचा स्राव तपासला जावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी बेडूक मारावा लागत नाही. विजेचा अगदी सौम्य धक्का दिला की ग्रंथी पाझरतात. स्राव धुऊन घ्यायचा आणि बेडकाला सोडून द्यायचं.