नाबोथाचा मळा आणि २१ दिवस

(मुलुंड येथे मदतनीसांच्या सभेत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मागच्या सभेनंतर एका बंधूंनी विचारले, "ताई, पाड्यांवर औषधे, वह्या, अभ्यासवर्ग हे समजते. पण जमिनीच्या भानगडीत मिशनने का पडावे?" प्रश्न प्रामाणिक आहे. आज त्याचेच उत्तर देते.

आपल्या उपनगरांत राजापूरकडचे पुष्कळ चाकरमानी आहेत. नाणारकरांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये तिथला तेलशुद्धीकरण प्रकल्प रद्द झाला. मग बारसूचे नाव पुढे आले. कच्चे तेल नाटे येथे उतरवायचे, असा बेत. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला माणसे आली, तेव्हा बायाबापड्या भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. पुढे अश्रुधूरही सोडला गेला. त्यांना चिंता होती आंब्याच्या कलमांची, मासळीची, पाण्याची. त्याच तालुक्यात रोजगारासाठी प्रकल्प हवा म्हणणारेही आहेत, आणि त्यांचीही गरज खरी आहे. म्हणूनच प्रत्येकाला वेळेवर विचारले जाणे महत्त्वाचे.

तेलाच्या वाहिनीसाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार घेते तो फक्त वापराचा हक्क. पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, नुकसानभरपाई वेगळी. हरकत घ्यायला अधिसूचनेपासून २१ दिवस. आता सांगा, राजपत्र कोणत्या पाड्यावर येते? ज्याचे सातबाऱ्यावर नावच नाही, त्याला कोण शोधत येणार?

लांब कशाला, आपल्या आरेचेच पाहा. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे पाडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. तीन दिवसांत एवढे होते. तिथल्या पाड्यांवर वारली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण कागद मागितला की त्यांची मान खाली जाते.

पहिले राजे, अध्याय २१ आपल्याला पाठ आहे. अहाबाने नाबोथाला भाव कमी दिला नव्हता. बदली मळा देतो, नाहीतर पैसे देतो, म्हणाला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन विकायला नकार दिला, एवढाच त्याचा गुन्हा. एलीया आला खरा, पण नाबोथ मेल्यावर. आपण आधी पोहोचू या.

आपण सारे गॅसवर स्वयंपाक करतो, पेट्रोलवर फिरतो. तेल नकोच, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझे म्हणणे इतकेच: ज्याच्या अंगणातून ते जायचे, त्याला आधी कळावे आणि त्याचे 'नाही' लिहून घेतले जावे.

त्यासाठी मला पैशाआधी माणसे हवीत. आपल्यात निवृत्त तलाठी आहेत, वकील आहेत, कचेरीत आयुष्य गेलेले कारकून आहेत. महिन्यातून एक शनिवार द्या. पाड्यावर बसून नोटीस वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या, पोच घ्यायला शिकवा. औषधाइतकीच तीही सेवा आहे.

प्रभू आपणाला आशीर्वाद देवो.