शरीराचा ताळेबंद
(संस्थेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे साधे पदवीधर. तरीही आज शरीराविषयी बोलणार आहोत, कारण किरकोळ दुखण्यांच्या भीतीत आमचे एक अख्खे वर्ष वाया गेले.

एके सकाळी केळवे रोड स्टेशनात गाडीची वाट पाहताना छातीत डावीकडे काहीतरी फडफडले. त्या दिवसापासून बोटे मनगटावर गेली ती सुटेनात. काउंटरवर नोटा मोजता मोजता आम्ही नाडी मोजू लागलो. रात्री घरची मंडळी झोपली की मोबाईलवर लक्षणे शोधायची आणि पहाटेपर्यंत तीन रोग स्वतःला लावून घ्यायचे! पालघरला जाऊन ईसीजी काढला. काही दोष निघाला नाही. दोन दिवस हायसे वाटले. तिसऱ्या दिवशी मन म्हणाले, यंत्रच बिघडलेले असले तर?

एका संध्याकाळी दहावीतली आमची मुलगी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःची नाडी मोजताना दिसली. तेव्हा मात्र आमचे डोळे उघडले.

मित्रहो, भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन स्रवते. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, श्वास अपुरा वाटतो. ही भीतीचीच लक्षणे. पण आपण ती रोगाच्या खात्यात जमा करतो. मानेतली बारीक गाठ दिवसातून वीस वेळा चाचपली तर ती दुखणारच. म्हणजे पुरावा आपणच तयार करतो! हे ढोंग नव्हे. त्रास खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ चुकतो. २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘हायपोकॉन्ड्रिया’ हा शब्द आपल्या रोगसूचीतून काढला, तो उगाच नव्हे.

भगवान बुद्धांनी संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्यावर मनाने केलेला आकांत हा दुसरा. आमचा पहिला बाण टाचणीएवढा होता. दुसरा आम्हीच रोज मारून घेत होतो.

आपल्या केळव्यात शीतलादेवीचे मंदिर आहे. देवीचा रोग जिवंत होता तेव्हा अंगावर फोड दिसताच घाबरणे रास्तच होते. पण तो रोग भीतीने नव्हे, लसीने गेला. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. रोग गेला, दचकण्याची सवय मात्र राहिली. आज ती कॅन्सर, हृदयविकार अशी नवी नावे घेते.

मग करावे काय? बँकेत हिशेबात फरक आला आणि लगेच उलगडला नाही, तर ती रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो, तारीख घालतो आणि पुढचे काम करतो. किरकोळ लक्षणाचेही तसेच करावे. वहीत तारीख लिहावी, दोन आठवडे थांबावे, मध्ये चाचपू नये, मोबाईलवर शोधू नये. बहुतेक नोंदी आपोआप निकाली निघतात.

परंतु काही नोंदी सस्पेन्समध्ये टाकायच्या नसतात. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटणे, थुंकीतून रक्त पडणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, यांत तासाचाही विलंब नको. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, वाढत जाणारी गाठ, कारण नसताना घटलेले वजन, हे डॉक्टरांना दाखवावेच. तपासणी एकदा नीट करावी. मनाच्या समाधानासाठी पुन्हा पुन्हा करू नये.

एवढे करूनही भीती हटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती यावर गुणकारी ठरली आहे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आमच्या छातीत आजही अधूनमधून फडफडते. फडफडू द्यावे! आता मुलगी नाडी मोजत नाही, हीच आमची कमाई.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवितो. जय भीम!