आत सहा फोन, बाहेर एकच लाइन

खारदांड्याहून बोलतेय. मे महिना, म्हणजे आमच्या गटाची घाई. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून लोक आधीच सुके बोंबील, सुकट, मसाला भरून ठेवतात. फोन सारखा वाजतो.

दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आम्ही फोनची पेटी घेतली, ईपीएबीएक्स म्हणतात ती. सहा फोन जोडले. विकणारा म्हणाला, "ताई, आता सगळ्याजणी एकदम बोला." बोललो की! पण आपसातच. बाहेरची लाइन एकच होती. हिशेबवाली बँकेशी बोलायला लागली की गिऱ्हाइकाला एंगेज. ऑर्डरी का घटल्या, आठवडाभर कळेना. शेवटी नेहमीची एक मावशी दारात येऊन भांडली, "फोन काय शोभेला ठेवलाय?"

पेटी घेताना दोन आकडे वेगळे विचारा: आत किती फोन, बाहेरच्या किती लाइनी. तीन लाइनी आणि आठ फोनांची पेटी असेल, तर बाहेर एका वेळी तिघीच बोलणार. शिवाय पेटीत तीन जागा असल्या तरी लाइनी आपल्यालाच वेगळ्या घ्याव्या लागतात. मोठ्या कचेऱ्या पीआरआय नावाची जोडणी घेतात, तिच्यावर एका वेळी तीस कॉल चालतात. आपल्याला ती नको.

पाकिटावर नंबर मात्र एकच छापा. फोन कंपनीकडे 'हंटिंग' मागायचं. पहिली लाइन अडली की कॉल आपोआप दुसरीवर जातो. आणि आपण बाहेर फोन लावताना पेटीने शेवटची लाइन आधी घ्यावी, असं बसवणाऱ्याकडून करून घ्या. पहिली गिऱ्हाइकासाठी मोकळी राहते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरची तार आतल्या फोनच्या जागी खोचू नका. लाइन चालत नाही, पेटीही बिघडू शकते. मी खोचली होती, म्हणून सांगते! आता प्रत्येक जागेवर चिठ्ठी चिकटवलीय.

तुमच्या गावात तार नसेल, तर सिमकार्ड घालायचा डबा मिळतो. तो बाहेरच्या लाइनच्या जागी जोडता येतो. सिम गटाच्या नावावर घ्या, कुणा एकीच्या नको. वीज गेली की पेटी बंद, तेव्हा बॅटरीचं आधीच विचारा.

आमच्याकडे यंदा दोन लाइनी आहेत. तिसरी दिवाळीआधी घ्यायची का, यावर बैठकीत अजून वाद चाललाय.