कॅप्टन निमोचा रंग



आठवीत असताना शाळेच्या वाचनालयातून ज्यूल व्हर्नची पाणबुडीची गोष्ट नेली आणि दोन महिने परतच केली नाही. माझ्या मनातला कॅप्टन निमो गोरा होता. एवढी यंत्रे बांधणारा माणूस आणखी कसा असणार?

पुढे इंजिनिअर झाले आणि ‘स्टीमपंक’चा नाद लागला. म्हणजे वाफेच्या युगातल्या यंत्रांवर रचलेल्या कल्पनाकथा. (निमोची पाणबुडी विजेवर चालते, पण या मंडळींनी त्याला आपला मानलाय!) त्या नादात व्हर्नची १८७५ची ‘द मिस्टीरियस आयलंड’ वाचली. त्यात निमो मरताना आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडचा राजकुमार दक्कार, १८५७च्या उठावात लढलेला. १९५४च्या डिस्नेपटात मात्र निमो झाला इंग्रज नट जेम्स मेसन. मी तर सिनेमा न बघताच तेच केले होते.

निसी शॉल यांच्या ‘एव्हरफेअर’ (२०१६) या कादंबरीत काँगोची माणसे स्वतः यंत्रे चालवतात. लिओपोल्ड राजाच्या रबरापायी तिथे खरोखर हात तोडले गेले. कादंबरीत त्या माणसांना यांत्रिक हात मिळतात.

वाचनालयासाठी ही दोन्ही पुस्तके आणली आहेत. बाई, जुना दंडही घ्या.