नोकरीची शाश्वती आणि आपली कुटुंबे

(खडकी येथे कामगार कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण ज्या विषयाचा विचार करण्यासाठी जमलो आहोत तो घरोघर रात्री जेवणाच्या वेळी निघतो. सभेत तो क्वचितच निघतो. सभेत आपण इतिहासावर बोलतो, धम्मावर बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरातील कर्ता मुलगा दर अकरा महिन्यांनी नोकरीवरून कमी होतो त्या घरातील आईच्या मनात वंदना चालू असतानाही पुढच्या महिन्याच्या भाड्याचा हिशेब चालू असतो. त्या हिशेबाविषयी आज बोलावे असे मी ठरविले आहे.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या काही कुटुंबांनी मला एक प्रश्न विचारला. "शेजारी म्हणतात, धर्म बदललात, आता दाखला जाईल आणि दाखल्याबरोबर नोकरीही जाईल. हे खरे काय?" या प्रश्नाचे उत्तर पुढे देतो. प्रथम खडकीचा विचार करू, कारण आपल्या नोकरीची चिंता काय आहे हे या गावाएवढे स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

खडकीचे नाव शाळेच्या पुस्तकात ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे येते. आपल्या वाडवडिलांच्या आयुष्यात मात्र खडकी आली ती कारखान्यामुळे. १८६९ मध्ये येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९४० मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असता, स्फोटकांचा कारखाना निघाला. गावात महारकी, येसकरकी, मेलेली ढोरे ओढणे, आणि मोबदला म्हणून दारोदार मागून आणलेली भाकर असे जिणे ज्यांच्या वाट्याला होते, त्यांना महिन्याच्या ठरलेल्या दिवशी रोख पगार मोजून देणारी ही जागा होती. भोंगा वाजला की सर्वांनी आत जायचे आणि भोंगा वाजला की सर्वांनी बाहेर यायचे. भोंगा जात विचारीत नसे, एवढेच त्याचे मोठेपण. आत गेल्यावर कोणाला कोणते काम मिळे आणि पाण्याचा माठ कोणाचा निराळा असे, हा वेगळा प्रश्न आहे. कापडगिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि स्पृश्यांना विटाळ होई. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणूनच राहत. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते अशा अनुभवाच्या आधारावर.

कारखान्यापूर्वी आपल्याला लष्कराचा आधार होता. तो १८९२ च्या सुमारास गेला. महारांची भरती बंद झाली आणि दोन-तीन पिढ्या जिच्यावर शिकल्या-सवरल्या ती वाट एका हुकुमाने मिटली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, तो हाच दरवाजा पुन्हा उघडावा म्हणून. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज लागली तेव्हा पलटण उभारली गेली, आणि युद्ध संपल्यावर ती मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसरे युद्ध पेटल्यानंतर. गरज असली की बोलवायचे आणि गरज सरली की घरी पाठवायचे, हा अनुभव आपल्या समाजाला आजचा नाही. २०२२ मध्ये सैन्यात अग्निवीर म्हणून चार वर्षांची भरती सुरू झाली. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, बाकीच्यांनी एकरकमी पैसे घेऊन परत यावयाचे. या बातमीने आपल्या वस्तीतील म्हाताऱ्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. त्यांनी आजोबांकडून अशीच गोष्ट ऐकली होती.

आता कारखान्याकडे येऊ. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. खडकीचे दोन्ही कारखाने आणि शेजारचा देहूरोडचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आले. सत्तर हजारांहून अधिक कामगारांना प्रथम दोन वर्षांसाठी नव्या कंपन्यांत प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले गेले, आणि ती मुदत पुढे वाढविली गेली. कारभार चपळ व्हावा, परदेशी माल विकला जावा, हा सरकारचा हेतू सांगितला गेला; सेवाशर्ती बदलणार नाहीत असे आश्वासनही दिले गेले. जे आधीपासून कायम आहेत त्यांच्याबाबत ते आश्वासन पाळले जावे यासाठी संघटना जागरूक आहेत. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे कार्यालय आपल्या खडकीतच आहे आणि त्या वास्तूला एस. एम. जोशी यांचे नाव आहे. परंतु माझी चिंता वेगळी आहे. जो आत आहे त्याचे संरक्षण होईल. जो दाराबाहेर उभा आहे त्याला आत कशा रीतीने घेतले जाणार? चांदा आणि देहूरोड येथे धोक्याच्या इमारतीत काम करणारे कामगार आता ठरावीक मुदतीच्या करारावर घेतले जात आहेत. हे सर्व शिकाऊ उमेदवारी पुरी केलेले तरुण. काम तेच, धोका तोच, स्फोटकाला करार समजत नाही. मुदत संपली की मात्र हा घरी आणि दुसरा त्याच्या जागी. बापाने रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षे काढली आणि मुलाला तीन वर्षांपुढचे दिसत नाही, असा हा फरक आहे.

संपाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या फेरबदलाविरुद्ध कामगार संपाच्या गोष्टी बोलू लागले तेव्हा ३० जून २०२१ रोजी अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. संरक्षण उत्पादनात संप केल्यास एक वर्षापर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती. कायद्याची मुदत एक वर्षाची होती. पण ज्या वर्षात बोलणे आवश्यक होते त्याच वर्षात तोंड बंद राहिले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत जो संप झाला तो नेमका अशाच प्रश्नावर होता. संप करणे हा फौजदारी गुन्हा ठरविणाऱ्या विधेयकाला बाबासाहेबांनी कायदेमंडळात विरोध केला, आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष रस्त्यावर उतरला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हे त्यांच्या विरोधाचे सार होते. गावकीच्या वेठबिगारीतून बाहेर पडलेल्या माणसाला ते समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तेवढीच महत्त्वाची, परंतु आपल्या भाषणांत कधीच न येणारी गोष्ट म्हणजे १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा. तत्पूर्वी नोकरीच्या अटी मालकाच्या तोंडी असत. रजा किती, काढण्यापूर्वी नोटीस किती, कायम केव्हा करणार, हे सर्व मुकादमाच्या मर्जीवर. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने या अटी लिहून काढाव्यात, सरकारी अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्याव्यात आणि कामगाराला वाचता येतील अशा लावाव्यात, असे हा कायदा सांगत होता. लेखी अट हे दुबळ्याचे शस्त्र आहे. ज्याच्याजवळ ओळख आणि नातेगोते आहे त्याचे काम शब्दावर भागते. आपले कधी भागले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत मिसळला. आता स्थायी आदेश तीनशे कामगारांच्या वर लागू होतात. कारखाना बंद करण्यास किंवा कामगार कमी करण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे, ती मर्यादाही शंभरावरून तीनशेवर गेली. पिंपरी, भोसरी, चाकणच्या किती तरी लहान कारखान्यांत आपली मुले आहेत. ती सर्व या मर्यादेखाली येतात. मी या संहितांचा चाहता नाही. तरी त्यांतील दोन गोष्टी आपण हट्टाने घेतल्या पाहिजेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्ष पुरे झाल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पूर्वी पाच वर्षे लागत. आपल्या वस्तीतील कंत्राटी मुलांना मी नेमणूकपत्र दाखवा म्हटले, तर बहुतेकांनी गळ्यातील ओळखपत्र दाखविले. ओळखपत्राने फाटकातून आत जाता येते. न्यायालयात त्याचा उपयोग फार थोडा. ठेकेदाराने पगार बुडविला तर मुख्य मालकाने तो दिला पाहिजे असा कायदा आहे. परंतु आपण तेथे काम करीत होतो हे सिद्ध करण्यास हजेरीची नोंद, बँकेचे पुस्तक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, असे काही तरी हातात हवे.

ठेकेदारीचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. संविधानाच्या सोळाव्या कलमाने दिलेले आरक्षण सरकारी पदाला आहे. झाडलोट, पहारा, माल चढविणे-उतरविणे ही कामे ठेक्याने दिली की पद राहत नाही, आणि पद नाही तेथे आरक्षण कशाचे? आरक्षणाविरुद्ध एकही ठराव न करता ते अशा रीतीने ओसरते.

आता दाखल्याचा प्रश्न. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न खरोखरच छळीत होता. १९५० च्या आदेशाप्रमाणे धर्मांतरित बौद्ध अनुसूचित जातींच्या सवलतींना मुकत. महाराष्ट्राने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. खडकीचे कारखाने केंद्राचे. तेथे त्यांचा उपयोग नव्हता. त्यामुळे घरात बुद्धमूर्ती आणि अर्जावर 'हिंदू' असे दुहेरी जिणे किती तरी कुटुंबांनी पत्करले. त्यांना दोष देऊ नये. मुलांच्या पोटाचा प्रश्न होता. ज्यांनी अर्जावर 'बौद्ध' लिहिले आणि केंद्राची सवलत सोडली त्यांचे मोल मात्र आपण पुरते ओळखलेले नाही. १९९० मध्ये त्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा शेजाऱ्यांना सांगा की, अनुसूचित जातीतील मनुष्य बौद्ध झाल्याने त्याचा हक्क जात नाही, राज्यातही नाही आणि केंद्रातही नाही. केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो अर्जाची तारीख जवळ आल्यावर काढावयास गेले तर मिळत नाही. आधीच काढून ठेवावा.

एका उपासकाने मला बाजूला घेऊन विचारले की, दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करून बौद्ध राहता येते काय? तथागतांनी उपासकाला निषिद्ध सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसू नये. माझे मत असे की, निषेध व्यापाराचा आहे. शस्त्र विकून नफा मिळविणाऱ्याला युद्ध हवेसे वाटते. देशाच्या रक्षणासाठी राज्याने ठेवलेल्या कारखान्यातील मजुराला युद्ध व्हावे असे वाटत नाही. बाबासाहेबांनीही भगवंताची अहिंसा ही जीवनाचे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असेच प्रतिपादन केले. देहूरोड हे आयुध डेपोच्या कामगारांचे गाव. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. तरीही दारूगोळा परदेशी विकून नफा वाढविणे हेच उद्या कारखान्याचे मुख्य उद्दिष्ट झाले, तर हा उपासक पुन्हा तोच प्रश्न विचारील, आणि तेव्हा माझे उत्तर इतके सोपे राहणार नाही.

भगवंतांकडे दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ गेला होता. आम्ही संसारी माणसे, बायका-मुलांत राहणारी, आम्हाला उपयोगी पडेल असे सांगा, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: कामात कौशल्य, मिळविलेल्याचे रक्षण, चांगली संगत, आणि आवक-जावक पाहून समतोल राहणी. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळावे. ही चारही सूत्रे खडकी बाजारात उपयोगी आहेत. भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत कर्ज देणारे सावकार निघाले आहेत. त्यांचे व्याज जुन्या पठाणाला लाजविणारे आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये बंदी आली, पण त्यांत बुडालेले पगार परत आलेले नाहीत. आणि लग्नाचा खर्च! दीक्षा घेऊन हळदीचे सोपस्कार सोडले आणि मंडपाचा खर्च दुप्पट केला, अशी उदाहरणे याच सभेत बसली आहेत. कंत्राटी पगारावर चालणाऱ्या घरात तीन महिन्यांचा खर्च बाजूला असणे मी लग्नाच्या जेवणावळीपेक्षा अधिक आवश्यक समजतो.

भगिनींना एक विनंती. घरकाम, स्वयंपाकाची कामे, बाजारातील भाजीचा गाळा, यांतून येणारा पैसा तुम्ही 'वरखर्चाला' म्हणता. पुरुषाचे काम सुटलेल्या महिन्यात तोच घर चालवितो. त्याची वही ठेवा, बँकेत तो तुमच्या नावाने ठेवा, आणि असंघटित कामगार म्हणून तुमची नोंदणी झाली आहे की नाही ते पाहा.

येत्या रविवारी वंदनेनंतर आपण येथेच दोन तास बसू. कायद्याचे शिक्षण घेतलेले दोन तरुण येणार आहेत. प्रत्येकाने नेमणूकपत्र असल्यास ते, नसल्यास शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि जातीचा दाखला घेऊन यावे. ज्यांची मुदत याच वर्षी संपते आहे त्यांनी आधी यावे.

जय भीम!