जुन्या मोटारीची किल्ली आणि उतरलेली बॅटरी

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सुरत शहरात शिरत नाही. शहराला डावीकडे ठेवून तो कामरेजवरून जातो आणि तेथेच तापी ओलांडतो. सातव्या शतकातील गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत येणारे ‘कार्मणेय’ ते हेच गाव, असे अभ्यासक मानतात; पुढे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात तो एक तालुका होता. आजच्या प्रवाशाला मात्र कामरेज परिचित आहे ते तेथील चार रस्त्यांमुळे. ठाण्या-मुंबईहून वडोदऱ्याच्या आप्तांकडे निघालेली कितीतरी मराठी कुटुंबे तेथे चहाला थांबतात, आणि उशीर झाला तर रात्रीचा मुक्कामही करतात.

समजा, असेच एक कुटुंब लग्नकार्यासाठी जुन्या प्रीमियर पद्मिनीतून निघाले आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली; परंतु हौसेने जपलेल्या खासगी पद्मिनी अजूनही रस्त्यावर दिसतात. रात्री अकराच्या सुमारास गाडी कामरेजला मुक्कामाच्या जागी उभी राहते. गृहस्थ किल्ली मागे फिरवतात, तरी इंजिन चालूच राहते. त्याचे त्यांना नवल वाटत नाही. गेले काही महिने असे अधूनमधून होतच आहे, आणि त्यावरचा तोडगाही घरात सर्वांना पाठ आहे: गाडी गिअरमध्ये घालून ब्रेक दाबावा आणि क्लच सोडावा, म्हणजे इंजिन एक आचका देऊन बंद पडते. तसे ते पडते. किल्ली काढून घेतली जाते आणि मंडळी झोपतात.

सकाळी सहाला सेल्फ मारावा तर ‘टक्’ एवढाच आवाज. बॅटरी पार उतरलेली! दोनच महिन्यांपूर्वी ती नवी घातलेली असते, कारण आधीचीही अशीच उतरत असे. तीही रोज उतरत नसे. चार रात्री ठीक, पाचव्या सकाळी धक्का. जमलेली मंडळी निदान करून मोकळी होतात की बॅटरी खराब निघाली, दुसरी घाला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार जुन्या मोटारींच्या बाबतीत जितका घडतो तितका क्वचितच अन्यत्र घडत असेल.

सुरतेच्या परिसरात खानदेशातून आलेल्या माणसांची वस्ती मोठी आहे. तेव्हा बोलावलेला वायरमन खानदेशी निघाला तर त्यात आश्चर्य नाही. जाणता वायरमन बॅटरीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारील : “काका, रात्री गाडी बंद कशी केलीत?” सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली या प्रश्नात आहे.

किल्ली मागे फिरवूनही इंजिन चालू राहते याचा अर्थ एवढाच की स्विचच्या आतील संपर्क सुटत नाही. इंजिन क्लच सोडून बंद पाडले तरी तो संपर्क जुळलेलाच राहतो, आणि बॅटरीतून इग्निशन कॉइलकडे प्रवाह वाहत राहतो. जुन्या बारा व्होल्टच्या गाडीत कॉइलचा रोध सुमारे तीन ओहम असतो. म्हणजे प्रवाह सुमारे चार अँपिअर झाला. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत सात तास धरले तर अठ्ठावीस अँपिअर-तास खर्ची पडले. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग सेल्फची मोटर फिरविण्याइतका जोम उरेल कोठून? तुलनेसाठी डिकीतील पाच वॅटचा दिवा घ्यावा. तो चुकून रात्रभर जळत राहिला, तरी तेवढ्याच वेळात जेमतेम तीन अँपिअर-तास खातो.

मग रोज का उतरत नाही? कॉइलचा प्रवाह डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांतून जातो. इंजिन फिरत असताना हे पॉइंट सतत उघडतात आणि मिटतात. इंजिन थांबले त्या क्षणी ते मिटलेले असतील तर रात्रभर प्रवाह वाहतो; उघडे राहिले असतील तर कॉइलचा मार्ग तुटतो आणि नुकसान किरकोळ होते. म्हणजे इंजिन कोणत्या कोनात थांबले यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ अवलंबून! ‘कधी उतरते, कधी नाही’ म्हणून ज्या गाड्या झपाटल्यासारख्या वाटतात, त्यांतील काहींचे भूत हेच असते.

हे पडताळून पाहणे कठीण नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या कॉइलवर सकाळी जपून हात ठेवावा. भोवतालचा पत्रा गार आणि कॉइल कोमट असेल तर बहुतेक निकाल लागला. बॅटरी पार बसली असेल तर कॉइलही निवलेली असेल. अशा वेळी बॅटरी भरून घेऊन पुढील परीक्षा करावी. बॅटरीची ऋण तार सोडवून, ती तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये पाच वॅटचा बारा व्होल्टचा बल्ब जोडावा. किल्ली काढलेली, दारे बंद, सर्व दिवे बंद. दार उघडे राहिले तर छताच्या दिव्यामुळे फसगत होते. बल्ब ठळक पेटला तर कोठेतरी प्रवाह वाहत आहे. आता एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने बल्ब विझेल त्या मार्गात दोष. सर्व फ्यूज काढूनही बल्ब जळतच असेल तर संशय फ्यूजबाहेरच्या मार्गांवर जातो, आणि जुन्या बहुतेक गाड्यांत इग्निशन व चार्जिंग हे दोन मार्ग फ्यूजबाहेरच असतात. स्विचमधून कॉइलकडे जाणारी तार सुटी करताच बल्ब विझला, तर चोर सापडला. तरीही विझला नाही, तर डायनॅमोच्या गाडीत कटआउटचे चिकटलेले संपर्क आणि अल्टरनेटरच्या गाडीत गळका डायोड, यांची चौकशी करावी.

एक खबरदारी येथे पुष्कळ जण विसरतात. परीक्षेच्या वेळी पॉइंट उघडे असतील तर बल्ब पेटणारच नाही, आणि सदोष स्विच निर्दोष सुटेल. म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये घालून वीतभर पुढे ढकलावी व पुन्हा पाहावे. असे दोनतीनदा करावे. तेवढ्याने पॉइंटांची स्थिती पालटते.

स्विच असा का बिघडतो, याला थोडा इतिहास आहे. केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, तेव्हा त्याचे काम किल्लीकडे नव्हते. किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली आणि मग ती सर्वत्र रुळली. सोय झाली खरी, परंतु इग्निशन, सेल्फ आणि इतर उपकरणे या सर्वांचा भार एका डबीएवढ्या वस्तूवर पडला. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी तिचे संपर्क करपतात, आतील वंगण घट्ट होते, स्प्रिंग थकते. त्यात कपाटाच्या, कुलपांच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा घोस त्याच कडीत लटकत असतो आणि खड्ड्याखड्ड्यांवर हिसके देत राहतो.

याच स्विचचा दुसरा दोष अधिक भयंकर आहे. सेल्फ मारून किल्ली सोडल्यावर ती स्प्रिंगने मागे यावयास हवी. ती न आली तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फची मोटर गुंतून राहते आणि तारा तापून आगीपर्यंत पाळी येऊ शकते. रस्त्यावर पुष्कळदा स्विच बाजूला टाकून एक दाबबटण आणि एक साधा खटका बसवून दिला जातो. वेळ निभते, परंतु फ्यूज नसलेल्या मार्गात तात्पुरती जोडलेली तार ही आगीला दिलेले आमंत्रणच होय. शिवाय मग किल्लीवाचूनही गाडी कोणालाही नेता येते.

मुक्कामी एवढे पुरेल : धक्का देऊन इंजिन सुरू करावे आणि पुढे जेथे मुक्काम असेल तेथे पान्याने बॅटरीची ऋण तार सुटी करून ठेवावी. कामरेजच्या त्या कुटुंबाने वडोदऱ्यात हेच केले तर लग्नघरी धक्का देण्यासाठी वऱ्हाडी गोळा करावे लागणार नाहीत. नुसते इंजिन मंद चालू ठेवून बॅटरी भरेल या भरवशावर मात्र राहू नये. जुना डायनॅमो मंद गतीत जवळजवळ काहीच देत नाही. घरी परतल्यावर तिला क्षमतेच्या दशांश प्रवाहाने, म्हणजे सुमारे चार अँपिअरने, सावकाश भरावे. काही तास विसावल्यावर तिने १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविले, तर तिचा दोष नव्हता असे समजावे. वारंवार तळाशी गेलेली बॅटरी मात्र प्लेटांवर गंधकाचे क्षार धरून खरोखरच खराब होते. शिक्षा आधी आणि गुन्हा मागाहून, असा तो न्याय.

नवा स्विच बसविताना प्रथम ऋण तार सोडवावी आणि प्रत्येक तारेला खुणेची चिठ्ठी बांधावी. युरोपीय धर्तीच्या अनेक स्विचांवर ३०, १५ व ५० असे आकडे कोरलेले असतात : ३० बॅटरीकडून येणारी, १५ इग्निशनकडे जाणारी आणि ५० सेल्फकडे जाणारी. सेल्फच्या तारेत एक रिले घातला तर नव्या स्विचचे आयुष्य वाढते.

वायरमनने आणखी एक गोष्ट टिपलेली असते. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागावयास हवा, आणि किल्ली बंद केल्यावर विझावयास हवा. या गाडीत तो लागतच नव्हता; बल्ब केव्हाचा गेलेला. तो शाबूत असता तर कामरेजच्या त्या रात्री, इंजिन बंद होऊन किल्ली खिशात गेल्यावरही, अंधारात डॅशबोर्डवर लाल ठिपका जळताना गृहस्थांना दिसला असता. घरी परतल्यावर स्विचबरोबर तो बल्बही बदलला जातो. किल्ली फिरते, लाल दिवा लागतो, इंजिन सुरू होताच मावळतो. किल्ली मागे घेताच इंजिन थांबते आणि डॅशबोर्डवर काळोख होतो.