ह्यूगो, भोपळा आणि घोड्याचं नाव
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गॅदरिंग, सहल आणि छडी हे विषय आधीच्या वक्त्यांनी संपवले आहेत. माझ्या वाट्याला कॉम्प्युटरची खोली उरली. चपला बाहेर काढून आत जायचं, दोन मशिन आणि आपण चाळीस जण. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आम्हा दोघा-तिघांना तासभर बसू द्यायच्या. टायपिंगचा सराव करतो असं आम्ही सांगायचो आणि ते खोटंही नव्हतं.

कुणाच्या तरी मामांनी पुण्याहून आणलेल्या फ्लॉपीवर 'ह्यूगोज हाउस ऑफ हॉरर्स' नावाचा गेम होता. डेव्हिड ग्रे यांनी तो १९९० मध्ये काढला. गेम शेअरवेअर होता. म्हणजे कॉपी करा, मित्रांना वाटा, आवडला तर लेखकाला पैसे पाठवा. तेव्हा बाई, ती फ्लॉपी चोरीची नव्हती, हे आज नोंदवून ठेवतो. डॉलर पाठवायचे कसे, हा प्रश्न मात्र आम्हाला कधी पडला नाही.

गोष्ट अगदी साधी. ह्यूगोची मैत्रीण पेनेलोपी एका भुताटकीच्या वाड्यात नाहीशी होते आणि हा तिला शोधायला जातो. चित्रं सोळा रंगांची. बाणांच्या कळांनी ह्यूगोला चालवायचं आणि खाली इंग्रजीत हुकूम टाइप करायचा. खरी गंमत तिथेच होती. घराची किल्ली बाहेरच्या भोपळ्यात, पण भोपळ्याचं करायचं काय? आम्ही सुचतील ती क्रियापदं टाकत बसायचो. पुढे कुत्रा अंगावर येतो, त्याला फ्रीजमधला 'पोर्क चॉप' टाकायचा. आमच्यापैकी कुणी तो पदार्थ पाहिलेला नव्हता. वीरकरांच्या डिक्शनरीत 'चॉप' काढलं तर 'तोडणे' निघालं, आणि पुढचा अर्धा तास आम्ही कुत्र्याला तोडायच्या मागे होतो.

या सगळ्यात पुढे असायचा तो आपला शेवटच्या बाकावरचा मित्र. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजीच्या तासाला उभं केलं की त्याला घाम फुटायचा. पण त्या खोलीत कीबोर्ड त्याच्याकडे असे. मशिन हसत नाही, म्हणायचा. 'मला समजलं नाही' एवढंच सांगतं, मग आपण दुसरा शब्द टाकायचा. त्याने एक वही केली होती. एका बाजूला वाड्याचा नकाशा, दुसऱ्या बाजूला देवनागरीत हुकूम : 'ओपन डोअर', 'लुक', 'गेट की'. पुढे तो वर्कशॉपमध्ये परदेशी मशिनची मॅन्युअलं वाचून दुरुस्ती करायचा. त्याचं मूळ त्या वहीत आहे, असं मी म्हणतो. सरांना पटणार नाही कदाचित.

आम्ही अडकलो ते शेवटाकडे. एक म्हातारा वाट अडवून प्रश्न विचारतो. त्यातला एक : रॉय रॉजर्सच्या घोड्याचं नाव काय? हा रॉजर्स म्हणजे अमेरिकेतला सिनेमातला गाणारा काउबॉय. आम्हाला कुठून माहीत असणार? इंटरनेट नव्हतं. आम्ही 'चेतक' टाकून पाहिलं. म्हाताऱ्याने वाट सोडली नाही. मग दहावीची प्रिलिम आली आणि वही मिटली.

आपला मित्र मागच्या वर्षी गेला. दिवसांना गेलो तेव्हा वहिनींनी ती वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर 'घोडा?' आणि खाली सात नावं, सातही खोडलेली.

दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो. डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम घातला की तो जुना गेम आजच्या लॅपटॉपवर चालतो. त्याची मुलगी खेळायला बसली. विंडोजसाठी नंतर निघालेली, माउसवर चालणारी आवृत्तीही मी तिला दाखवली. ती सोपी आहे, पण तिच्यात शब्द शोधावे लागत नाहीत. मुलीने जुनीच निवडली आणि वही मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर गेम काही फार थोर नाही. पण बापाच्या नकाशावर बोट ठेवून ती खोल्या पार करत गेली, आणि एकाही वळणावर नकाशा चुकला नाही.

घोड्याचं नाव तिने फोनवर दहा सेकंदांत काढलं. ट्रिगर.

टाइप करायच्या आधी तिने वहीत आठवं नाव लिहिलं आणि ते खोडलं नाही.

वहिनींच्या परवानगीने ती वही बाहेरच्या टेबलावर जुन्या फोटोंशेजारी ठेवली आहे. जरूर पाहा, फक्त पानं हलक्या हाताने उलटा. टाचण्या सैल झाल्या आहेत.